अनुभव धागा : नदी धरून, माळ ओलांडून – नाशिकच्या आसपासचे सायकल प्रवास

नाशिककर गोदावरीला गोदावरी क्वचितच म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की रामकुंड. मीही इतकी वर्षं तेवढीच गंगा पाहिली होती, आणि पुराच्या दिवसांत नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं याच्या गप्पा मारल्या होत्या. मागच्या डिसेंबरात ठरवलं की त्र्यंबकेश्वरापासून नांदूर मध्यमेश्वरापर्यंत ती सायकलवरून बघायची. दोन दिवस, मधला मुक्काम घरीच.

पहिल्या दिवशी सायकल टेम्पोत टाकून त्र्यंबकला नेली. ब्रह्मगिरीवर उन्हं यायच्या आत निघालो. बेझ्याजवळ चक्रतीर्थापाशी नदी पाहिली तर उडी मारून ओलांडावी एवढी. पुढे नदीकाठचा रस्ता सलग नाहीच. नदी डावीकडे असेल, उजवीकडे असेल, किंवा टेकाडामागे गडप होईल. दर गावात थांबून "गंगेकडे कुठून?" विचारत गेलो. दोनदा शेताच्या बांधावर जाऊन अडकलो आणि सायकल खांद्यावर घेतली. मग एका वळणावर गंगापूर धरणाचा फुगवटा समोर आला. पाणी एवढं पसरलेलं की ही तीच नदी यावर विश्वास बसेना. धरण मातीचं, भिंत लांबलचक. तिच्या खाली उतरल्यावर नदी पुन्हा बारीक. धरणाच्या वर ती पावसावर चालते, खाली आवर्तनावर, म्हणजे धरणातून ठरवून सोडलेल्या पाण्यावर. हे वर्तमानपत्रात शंभर वेळा वाचलेलं, पण एका सकाळीत सायकलवरून पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी ओढा, सायखेडा करत खाली. ओढ्याच्या पुढे धुकं इतकं दाट होतं की हँडलच्या पलीकडे फक्त चाकांचा आवाज. मध्येच धुराचा वास. निफाड पट्ट्यात थंडी कडाडली की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या करतात, तो धूर धुक्यात मिसळून खोऱ्यात बसलेला. सायखेड्यात चहाच्या टपरीवर एका आजोबांनी समोरच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं, 2019 ला पाणी इथवर. 2016 चं कुठवर, तेही दाखवलं. हात त्यांच्या खांद्याच्या वर गेला होता.

खानगाव थडीला पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. गावाच्या नावातली 'थडी' म्हणजे काठ. इथे गोदावरीला कादवा मिळते. नांदूर मध्यमेश्वरच्या शंभर वर्षांहून जुन्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, त्या उथळ पाण्यात गवत माजलं, पक्षी आले आणि हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. चक्रवाक, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या. मी सायकल झाडाला टेकवून दोन तास बसलो. ब्रह्मगिरीवरून येणाऱ्या पाण्याबरोबर इथवर आलोय, ही भावना मला अजून सोडत नाही.

तुमचीही नदीकाठची किंवा माळावरची अशी एखादी फेरी असेल तर इथे लिहा. सरासरी वेग नको. कुठे वळलात, काय चुकलं, कोण भेटलं, ते हवं.

गंगापूर रोडहून

दादा, छान लिहिलंत. नवीन मंडळींसाठी एक भर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. त्र्यंबककडे जाताना तो तोंडावर येतो, त्यात चढ. त्यामुळे सकाळी ताज्या पायांनी पश्चिमेला जा आणि परतताना वारा पाठीवर घ्या. मी उलटं केलं होतं. सकाळी मजेत निफाडला उतरलो आणि दुपारी ओझरपर्यंत यायला जीव गेला.

सिन्नरहून, निवृत्त शिक्षिका

नदीबद्दल लिहिलंत, आता माळाबद्दल मी लिहिते.

लहानपणी वडिलांच्या चोवीस इंची सायकलच्या दांडीखालून पाय घालून मी शाळेत जायचे. वाट माळावरून. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. निवृत्तीनंतर मुलाने गिअरची सायकल घेऊन दिली, तेव्हा पहिली फेरी त्याच माळावर मारली.

आता नेम असा आहे. पहाटे गोंदेश्वराला नमस्कार, मग देवनदीच्या काठाने. जुने वळणबंधारे आणि त्यांतून निघालेले पाट अजून आहेत. पाटाच्या कडेने सावली, कोथिंबिरीचा वास, मोटेच्या जुन्या विहिरी. आणि मग एका चढानंतर एकदम माळ. झाड नाही, आडोसा नाही. लोक विचारतात, "मॅडम, तिथं काय आहे बघायला?"

तिथं कुसळी गवत आहे. दिवाळीनंतर त्याची कुसळं मोज्यांत अशी रुततात की घरी येऊन पंधरा मिनिटं वेचत बसावं लागतं. तिथं चंडोल आहे. तो गात गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो. एप्रिलमध्ये टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. खडे आणि अंडी वेगळी ओळखू येत नाहीत. म्हणून त्या दिवसांत मी पायवाट सोडत नाही, तुम्हीही सोडू नका. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आमच्याकडे 500 च्या आसपास. एकाच जिल्ह्यात, सायकलने एका दिवसाच्या अंतरावर! घोटीकडून सिन्नरला येताना भातखाचरं संपतात, मग बाजरी सुरू होते, मग तीही विरळ होते. हा बदल गाडीतून दिसतो, पण सायकलवर तो घशाला जाणवतो. सोबतचं पाणी घोटीत संपवलंत तर सिन्नरपर्यंत पंचाईत.

माळाला पडीक म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मेंढरं तिथेच चरतात, पावसाचं पाणी तिथेच मुरतं. वृक्षारोपणाच्या नावाखाली तिथे खड्डे खणले की मला फार वाईट वाटतं.

येवल्याहून

ताई, माळावरचं तुमचं प्रेम समजलं. आमच्याकडे राजापूर-ममदापूरचा माळ आहे, काळविटांचं संवर्धन क्षेत्र. मी पहाटे येवल्याहून निघालो, उजाडताना पोहोचलो. रस्त्यापासून जरा आत पंधरा-वीस काळविटांचा कळप, एक नर काळाभोर, पिळदार शिंगांचा. सायकल चालती होती तोवर सगळे मान वर करून बघत होते. फोटोसाठी मी पाय टेकला आणि कळप उधळला. तेव्हापासून थांबत नाही. हळू चालवत जातो, डोळ्यांनी बघतो.

चूक सांगतो. परतताना मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. ट्यूब काढली, पॅच लावला, हवा भरली, अर्धा किलोमीटरवर पुन्हा बसलं. पुन्हा पॅच, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ऊन डोक्यावर आलेलं आणि पॅच संपलेले. एक मेंढपाळ बाबा येऊन शेजारी बसले. त्यांनी टायर हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि मोडलेलं काट्याचं टोक नखाने उपसून काढलं. टायरमध्ये टोक तसंच होतं, मी नुसती ट्यूब सांधत होतो. त्यांच्याकडच्या चिंधीने आणि माझ्या उरलेल्या सोल्युशनने कसंबसं जमवलं. त्यांनी मडक्यातलं पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. आता दोन ट्यूब, एक चिमटा आणि पंप असल्याशिवाय माळावर जात नाही. काटा निघाला तरी टायर आतून पूर्ण चाचपायचा, सावकाश, बोट सांभाळून.

इंदिरानगरहून

घोटी–वैतरणा–त्र्यंबक, जुलै महिना. एका ओळीत सांगायचं तर, ब्रेक पॅड नवे टाकून जा. पावसात चिखलाची रेव रिमला घासते आणि एका दिवसात पॅड झिजतात. माझे पॅड आदल्या दिवशी एका दुकानात बदलून घेतले होते, ते तिरके बसवलेले निघाले. उतारावर कळलं. मी सायकल हातात धरून चालत उतरलो आणि त्याचं मला बिलकूल वाईट वाटलं नाही, कारण दोन्ही बाजूंनी पाणीच पाणी होतं. त्या डोंगररांगेत एका अंगाला पडलेला थेंब वैतरणेतून अरबी समुद्राला जातो, दुसऱ्या अंगाचा गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. धुक्यात उभं राहून मी किती तरी वेळ तोच विचार करत होतो.

निफाड तालुक्यातून, द्राक्ष बागायतदार

भाऊ, मी सायकल फिरवत नाही, पण तुम्ही सगळे माझ्या बांधावरूनच जाता, म्हणून लिहितो.

तुम्ही आलात की बरं वाटतं. मागे दोघं जण पाण्याला थांबले, घरात बसून पिठलं-भाकरी खाऊन गेले, अजून फोन करतात. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या चालू असतात. ब्लोअरचा आवाज आला तर शंभर पावलं अलीकडे थांबा, ट्रॅक्टर पुढं जाऊ द्या. ते औषध अंगावर घेण्यासारखं नाही. आणि घड हाताने तोडून खाऊ नका. मागा, आम्ही देतो. पण नुकती फवारणी झालेला घड तुम्हाला ओळखू येणार नाही, आम्हाला येतो. पहाटे शेकोटी दिसली तर शेकायला या. थंडी चार-पाच अंशांवर गेली की आम्ही रात्रभर जागे असतो, मणी तडकतात म्हणून. त्या वेळी गप्पा मारायला माणूस लागतोच.

पाथर्डी फाट्याहून

सगळ्यांचं वाचून फार हुरूप आला. माझ्याकडे साधी, बिनगिअरची लेडीज सायकल आहे. आत्तापर्यंत सर्वांत लांब म्हणजे घरापासून सोमेश्वर धबधब्यापर्यंत गेले आहे. एकटीने नांदूर मध्यमेश्वर जमेल का?

धागाकर्ता

ताई, जमेल. नाशिकहून तिकडे एकंदरीत उतारच आहे, बिनगिअरची चालते. हवा आदल्या रात्री भरून ठेवा, साडेपाचला निघा, ओढ्यापर्यंत मागे-पुढे दिवा हवाच. परतीचा चढ जाणवण्याइतका नाही, दुपार मात्र जाणवते. म्हणून पक्षी पाहून अकराच्या आत सायखेडा गाठा, तिथे जेवा, चार वाजता निघा. पहिल्यांदा सोबत असलेली बरी.

सिन्नरहून, निवृत्त शिक्षिका

सोबत मी येते. येत्या रविवारी मुलगा मला आणि सायकलला पहाटे नाशिकरोडला सोडेल. माझ्याकडे जादा ट्यूब आहेत, पण सव्वीस इंचीच. तुमच्या चाकाचा आकार तेवढा कळवा.