छोट्या कॅबिनेटचे पंखे: खोक्यावरचा सीएफएम बघून घेऊ नका

चौकट_१७०

मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या मदरबोर्डचं कॉम्प्युटर मशीन जोडणारे बहुतेक जण पंखा घेताना खोक्यावरचे दोनच आकडे बघतात, सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) आणि डेसिबल (आवाज). छोट्या कॅबिनेटसाठी हे दोन्ही आकडे दिशाभूल करतात, असं माझं ठाम मत आहे. सीएफएम मोजतात तेव्हा पंख्यापुढे काहीच आडवं नसतं. आपल्याकडे जाळी असते, डस्ट फिल्टर असतो, केबल्सचा गुंता असतो आणि दोन बोटांवर ग्राफिक्स कार्ड असतं.

नॉक्टुआ या कंपनीचेच १२० मिमीचे दोन पंखे घ्या. १५ मिमी जाडीचा ए१२×१५ हा १८५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ५५.४ सीएफएम देतो, आवाज २३.९ डेसिबल. २५ मिमी जाडीचा ए१२×२५ हा २००० आरपीएमला ६०.१ सीएफएम, २२.६ डेसिबल. वाचून वाटतं, एकोणीस-वीसचा फरक. आता स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलण्याचा दाब बघा: १.५३ विरुद्ध २.३४ मिमी पाणी. फिल्टर आडवा आला की खरा फरक इथे पडतो.

मुळात हवा लागते तरी किती? वॅट गुणिले १.७६, भागिले हवेचं तापमान जेवढे अंश वाढलेलं चालेल तेवढे. रायझन ७ ७७०० प्रोसेसर पूर्ण जोरात ८८ वॅट, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्डाचे २००. म्हणजे १० अंशांसाठी साधारण ५१ सीएफएम. कागदावर हे एका पंख्याचं काम आहे. अडचण आहे ती ही हवा अडथळ्यांतून ढकलण्याची.

म्हणून मावेल तेवढा मोठा, मावेल तेवढा जाड पंखा घ्या आणि हळू फिरवा. गती २० टक्के उतरवली तर हवा २० टक्केच घटते, आवाज मात्र सुमारे ५ डेसिबल खाली येतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर वाढतात फक्त ३ डेसिबल. एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरवणं केव्हाही चांगलं.

वऱ्हाडी_उन्हाळा

असहमत. हे सगळं २५ अंशांच्या खोलीतलं गणित झालं. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४४ असतं आणि खिडकीत कूलर घरघरत असतो. त्या आवाजात कॅबिनेटचा पंखा ९०० वर आहे की १८०० वर, हे कोणाला ऐकू येणार? एका नॉक्टुआच्या पैशात आर्क्टिक कंपनीचे पी१२ पंखे दोन-तीन येतात आणि तेही १८०० आरपीएमला ५६.३ सीएफएम देतात. शिवाय कूलरच्या दमट हवेत धूळ पात्यांना चिकटून बसते. महागडा पंखाही त्याच धुळीने माखतो. स्वस्त घ्या, जोरात चालवा, खराब झाला की बदला.

चौकट_१७०

@वऱ्हाडी, कूलर चालू असताना आवाज गौण ठरतो, मान्य. पण तुमचा धुळीचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. फिल्टरवर थर साचला की अडथळा वाढतो, आणि अडथळा वाढला की आधी बारीक पंख्याचा दम तुटतो. पी१२ स्वस्त आहे पण बारीक नाही, २५ मिमीचाच आहे. त्याचं स्टॅटिक प्रेशरही २.२ आहे. तो घ्याच. माझं भांडण किमतीशी नाही.

षड्ज

वऱ्हाडीदादा, कूलर वर्षभर नसतो. मी घरी श्राव्य पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. माइकपुढे बसले की छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. मग उरतो तो कॅबिनेटचाच आवाज.

पण चौकट_१७० यांच्याशीही माझं पटत नाही. डेसिबल उतरवण्यावर तुमचा सगळा भर आहे, कान मात्र सूर ऐकतो. नऊ पात्यांचा पंखा १२०० आरपीएमला फिरला की पाती सेकंदाला १८० वेळा हवा कापतात, म्हणजे १८० हर्ट्झचा सूर. तो माणसाच्या आवाजाच्या पट्टीतच येतो, नंतर पुसायला गेलं तर वाचणाऱ्याचा आवाजही खरवडला जातो. दोन पंखे शेजारी लावा म्हणता, पण एक १२०० वर आणि दुसरा १२१० वर असेल तर सेकंदाला दीड वेळा लाटा येतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित उतरल्या की जे ऐकू येतं, अगदी तेच. सलग सूं सूं आवाज मन विसरतं, ही लाट विसरत नाही. नॉक्टुआने २०२४ मध्ये १४० मिमीचा जी२ पंखा काढला, त्याच्या जोडसंचात दोन्ही पंख्यांच्या गतीत मुद्दाम थोडा फरक ठेवलाय, तो यासाठीच. साध्या पंख्यांना बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) शंभर-दीडशे आरपीएमचं अंतर द्या.

डोंबिवली_फास्ट

तुम्ही सगळे पंख्यावर बोलताय, उष्णतेवर कोणीच नाही. ७७०० चाच जास्त वीज खाणारा भाऊ ७७००एक्स मोकळा सोडला तर १४२ वॅटपर्यंत जातो. बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड (कमी वीज घेण्याची सेटिंग) लावा; नाव ६५ चं असलं तरी प्रत्यक्षात ८८ वर थांबतो. गेम खेळताना फरक जाणवत नाही. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट थोडी खाली ओढा. ही सगळी बचत फुकट आहे. मग आहेत तेच पंखे शांत होतात.

आणि जाडीचा सल्ला १० लिटरच्या कॅबिनेटमध्ये कसा पाळायचा? माझ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरवरचा ३७ मिमी उंचीचा कूलर जेमतेम बसतो. त्यावर १४ मिमी जाडीचा ९२ मिमीचाच पंखा येतो, दुसरा पर्याय नाही.

चौकट_१७०

इको मोडबद्दल पूर्ण सहमत, पंखे घेण्याआधी तोच लावावा. षड्ज यांचं म्हणणंही पटतं, आणि त्याला एक जोड देतो: प्रत्येक पंखा बायोसमधून शंभर-शंभर आरपीएमने चढवत ऐकून बघा. एखाद्या टप्प्यावर तो गुणगुणतो. फॅन कर्व्हमध्ये (कोणत्या तापमानाला किती वेग, या आलेखात) तो टप्पा उडी मारून ओलांडायचा. प्रोसेसर क्षणभर तापला की पंखा उसळू नये म्हणून वेग वाढण्याला काही सेकंदांचा उशीर लावा. पंखा आणि जाळी यांत ५ मिमी जागा मिळाली तरी आवाज बराच निवळतो.

पण डोंबिवली, शांतता हवी असेल तर १० लिटरचा हट्ट सोडावा, असं मी स्पष्टच सांगेन. कूलर मास्टर कंपनीचं एनआर२०० कॅबिनेट सव्वाअठरा लिटरचं आहे. खाली दोन आणि वर दोन १२० मिमीचे पंखे त्यात बसतात. फार जाड कार्ड असेल तर खाली १५ मिमीचे लावावे लागतात, बाकी ठिकाणी २५ मिमी.

डोंबिवली_फास्ट

हट्ट नाही, जागा नाही. टेबल दोघांत वाटलेलं आहे आणि महिन्यातून एकदा मशीन पाठीवर टाकून गावी न्यायचं असतं. सव्वाअठरा लिटर पाठपिशवीत जात नाही. मी वॅटच कमी करणार.

वऱ्हाडी_उन्हाळा

@षड्ज, रेकॉर्डिंगवाल्यांसाठी तुमचं बरोबर आहे. पण धाग्याचा सल्ला सगळ्यांना दिलाय, आणि त्यात उन्हाळ्याचा विचार नाही. खोलीतली हवाच ३८ अंशांची असेल तर आणखी १० वाढून कॅबिनेटमधली हवा ४८ पर्यंत जाते. तेव्हा मी हळू पंख्याची वाट बघत बसणार नाही, १८०० वरच चालवणार.