वस्तीतल्या मुलांना कला शिकवून रोजगार मिळतो का?

रंगपट
शाळा अर्धवट सुटलेल्या मुलामुलींसाठी रोजगार प्रशिक्षण म्हटलं की यादी ठरलेली असते: शिवणकाम, ब्युटी पार्लर, मोबाईल दुरुस्ती. कला मात्र स्नेहसंमेलनापुरती. हे मला अजिबात पटत नाही. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तेव्हा वस्त्यांमधल्या मुलांनी आपल्याच जगण्यावर नाटिका लिहिल्या आणि स्वतः बसवल्या. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलं भरल्या सभागृहासमोर बोलली. त्याची पुढची पायरी आपण बांधायला हवी होती. नाटकाला नेपथ्य लागतं, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा, कपडेपट लागतो. मढ, मीरा रोडला मालिकांचे सेट उभे आहेत. ही सगळी कामं माणसं करतात, आणि ती बहुतेक ओळखीतूनच लागतात. ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी प्रशिक्षण हेच दार आहे. सगळ्यांना नट करू नका, पडद्यामागचं काम शिकवा.

सरळरेघ
माझे वडील रंगमंच कामगार होते, म्हणून कळकळीने लिहितो. पगार नाही, नाईट मिळते, म्हणजे प्रयोगामागे पैसे. प्रयोग रद्द झाला की नाईट गेली. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये थोडे दिवस निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. त्या काळात आमच्या घरी आईच्या धुण्याभांड्यांच्या कामावर चूल पेटली. मालिकांकडे जावं तर पैसे हातात पडायला ९० दिवस. घरमालक ९० दिवस थांबतो का? आईवडिलांचा फ्लॅट असलेला मुलगा दोन-चार वर्षं धडपड करू शकतो. झोपडीतल्या मुलाला आयटीआयचं वायरमनचं प्रमाणपत्र द्या, ते कुठेही चालतं.

पेणची
मी मूर्तींच्या कारखान्यात वाढले. पेण-हमरापूरला कुणी विचारत नाही की कलेवर पोट भरतं का, घरोघरी तेच चालतं. बायका रंगकाम करतात आणि जिचा हात आखणीत बसला, म्हणजे जी गणपतीचे डोळे नीट काढते, तिला कारखानदार आधी बोलावतो. पण हा हात बसायला दोन-तीन हंगाम जातात. शाडूचं काम तर पीओपीच्या साच्यासारखं पटकन येतच नाही. केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत मूर्तिकार आहे, मूलभूत प्रशिक्षणही आहे, पण ते ५ ते ७ दिवसांचं, दिवसाला ५०० रुपये, आणि आधीपासून हा धंदा करणाऱ्यासाठी. बाहेरून येणाऱ्या नवख्या मुलीने कुठे शिकायचं?

सरळरेघ
@पेणची, तुमच्याच उदाहरणात माझं उत्तर आहे. तुमच्याकडे आधी कारखाना, मग शिकणं. संस्था नेमकं उलटं करतात. आधी वर्ग, मग प्रमाणपत्र वाटप, हारतुऱ्यांचे फोटो, आणि काम शोधायची जबाबदारी त्या मुलावर.

खडूफळा
चित्रकला शिक्षक आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा. एटीडी, म्हणजे कला शिक्षक पदविका, करून घरी बसलेली किती तरी मुलं माझ्या माहितीत आहेत, त्यात गरीब घरांतली बरीच. कायद्यातली ही एवढी पदं भरली तरी पुष्कळांच्या घरात पैसा येईल. तुमच्या चर्चेत सरकार मालक म्हणून कुठेच नाही, याचं वाईट वाटतं.

रंगपट
@सरळरेघ, तुमच्या घरावर आलेली वेळ कुणावर येऊ नये, आणि म्हणूनच मी विद्यावेतनाचा, म्हणजे शिकताना दरमहा पैसे देण्याचा, आग्रह धरतो. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय वा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार ठरवले. कार्यालयात फायली लावायला शिकणाऱ्याला हे पैसे मिळतात, तर सेटच्या कारखान्यात सुतारकाम आणि रंगकाम शिकणाऱ्याला का नकोत? बारावी न झालेल्याला तर आधी हवेत. आणि वायरमन की प्रकाशयोजना असं भांडण लावायचं कारण नाही. ज्याला वायरिंग येतं तोच उद्या नाट्यगृहातले दिवे सांभाळेल, आणि नाटक नसेल त्या दिवशी इमारतीत वायरिंग करेल.

सरळरेघ
वायरिंग आधी, प्रकाशयोजना नंतर, या क्रमाला माझा विरोध नाही. पण विद्यावेतन संपल्यावर पुढच्या महिन्यात काय? प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने निर्मात्याशी लेखी करार करावा: इतक्या मुलांना काम, आणि पैसे ३० दिवसांत. तो कागद असेल तर मी स्वतः आमच्या वस्तीतली मुलं घेऊन येतो. नसेल तर त्यांना आयटीआयचाच फॉर्म भरायला सांगेन.

पेणची
करारात मुलींना घरी सोडायची गाडीही लिहा. रात्रीच्या प्रयोगानंतर आणि हंगामातल्या रात्रपाळीनंतर मुलगी घरी कशी जाणार, हे आई पहिल्यांदा विचारते, आणि तिथेच निम्म्या मुली गळतात.