विषय: डरहमची दोन दिवसांची सहल – तारीख, मुक्काम, नदीकाठ

[सहल समिती]

नमस्कार मंडळी,

यंदाची उन्हाळी सहल उत्तर इंग्लंडमधल्या डरहमला काढायचं समितीच्या बैठकीत ठरलं आहे. आतापर्यंत 24 नावं आली आहेत: 14 मोठे, 5 ज्येष्ठ (दोघांचे गुडघे दुखतात), पाच ते पंधरा वयाची 4 मुलं आणि बाबागाडीतलं एक बाळ. निम्मे लंडनहून येतील, निम्मे लीड्सहून. जुलैचा दुसरा शनिवार-रविवार डोक्यात आहे. बस करावी की रेल्वे, मुक्काम कुठे, कॅथीड्रल आणि किल्ला एका दिवसात होतात का आणि नदीत होडी चालवायला मिळते का, हे जाणकारांनी कळवावं.

---

[पहिलं उत्तर]

> जुलैचा दुसरा शनिवार-रविवार डोक्यात आहे.

ताई, तो आधी डोक्यातून काढा. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी डरहममध्ये खाणकामगारांचा मेळावा असतो, मायनर्स गाला. तो 1871 पासून भरतो आहे. बँड आणि निशाणं घेऊन मिरवणुका गावातून रेसकोर्सच्या मैदानावर जातात, रस्ते बंद असतात आणि दुपारी कॅथीड्रलमध्ये या मेळाव्याची खास प्रार्थना होते. मेळावा बघायलाच जायचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बाबागाडी आणि दुखरे गुडघे घेऊन गाव बघायचं असेल तर तो दिवस टाळा.

उन्हाळ्यातले बाकीचे अडसरही लिहून ठेवतो. जूनमध्ये नदीवर रेगाटा असतो, म्हणजे होड्यांच्या शर्यती. या शर्यती 1834 पासून चालत आल्या आहेत. तेव्हा काठावर बसायला मजा येते, पण भाड्याच्या होडीने फिरायचं विसरा. जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला विद्यापीठाचे पदवीदान समारंभ कॅथीड्रलमध्येच होतात. त्या दिवसांत पर्यटकांना बराच वेळ आत सोडत नाहीत, आणि गावातल्या सगळ्या खोल्या पालकांनी आधीच घेतलेल्या असतात. ऑगस्टमध्ये गाव मोकळं असतं, पण रेल्वेगाड्या मोकळ्या नसतात. लंडन ते एडिनबरा मार्ग डरहमवरूनच जातो आणि ऑगस्टभर एडिनबराच्या महोत्सवांची गर्दी त्याच गाड्यांत असते. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, येतो, त्या आठवड्याचं तर बोलायलाच नको.

सगळी वजाबाकी केली की जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार उरतो. विद्यार्थी गेलेले, पदवीदान आटोपलेलं, एडिनबराची झुंबड अजून सुरू व्हायची. माझं मत त्यालाच.

(गावाच्या नावाचा उच्चार 'डरम' असा, मधला ह गिळायचा. नदीचं नाव 'वीअर', आणि तिच्यावरच्या बंधाऱ्यालाही इंग्रजीत 'वीअर'च म्हणतात. फोनवर कुणाला वाट विचारलीत तर नदी की बंधारा हे नीट विचारून घ्या.)

---

[दुसरं उत्तर: प्रवास]

रेल्वेच. जुनं गाव नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या उंच सुळक्यावर आहे आणि वर जायला सॅडलर स्ट्रीटचा अरुंद चढ आहे. तिथे मोठी बस नेणं शक्य नाही. लांब कुठेतरी उतरून चालत यावं लागलं तर बस करून मिळवलं काय?

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडीने साधारण तीन तास लागतात, लीड्सहून सव्वा ते दीड तास. आगाऊ तिकिटं साधारण 12 आठवडे आधी खुली होतात. शनिवार-रविवारची मात्र अनेकदा उशिरा येतात, कारण रुळांच्या दुरुस्तीची कामं ठरल्याशिवाय वेळापत्रक पक्कं होत नाही. तिकिटं दिसत नाहीत म्हणून संपली असं समजून महागडी घेऊ नका. चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. आगाऊ तिकीट फक्त त्याच गाडीला चालतं, म्हणून परतीची वेळ विचार करून निवडा.

रेलकार्डाचा, म्हणजे रेल्वेच्या सवलत-कार्डाचा, हिशेब असा. फॅमिली अँड फ्रेंड्स कार्डावर चार मोठे आणि पाच ते पंधरा वयाची चार मुलं जाऊ शकतात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट मिळते, मुलांना 60 टक्के. अट एकच: प्रत्येक कार्डामागे निदान एक मूल प्रवासात हवं. बाबागाडीतलं बाळ इथे मोजत नाहीत, पाच वर्षांखालच्यांना तिकीटच नसतं. म्हणून चारही मुलं एकाच कार्डावर घालण्याची चूक करू नका. दोन मुलं लंडनच्या गटात आणि दोन लीड्सच्या गटात असतील तर प्रत्येक गटाला दोन कार्डं पुरतात आणि सगळ्या मोठ्यांना सूट मिळते. कार्डाचा गट पूर्ण वेळ एकत्र हवा. एकाने आधीची गाडी पकडली तर त्याचं तिकीट गैरलागू. साठीच्या पुढच्यांना सीनिअर रेलकार्ड आहे, त्यांना या गणितात ओढू नका.

जाताना उजव्या बाजूच्या जागा मागा. डरहम स्टेशनच्या अगदी आधी गाडी 1857 मध्ये बांधलेल्या 11 कमानींच्या पुलावरून जाते आणि उजवीकडे किल्ला आणि कॅथीड्रल एकत्र दिसतात.

कुणी मोटारीनेच येणार असेल तर गाडी वर आणू नये. सुळक्यावर जाणाऱ्या रस्त्यावर सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात 2 पौंड शुल्क आहे. वाहनांवर असं शुल्क ब्रिटनमध्ये पहिल्यांदा इथेच लागलं, 2002 मध्ये, लंडनच्याही आधी. बेलमाँट, हाउलँड्स आणि स्निपरली या तीन ठिकाणी गाडी लावून बसने गावात येण्याची सोय आहे. दक्षिणेकडून महामार्गाने येणाऱ्यांना बेलमाँट जवळ पडतं, जंक्शन 62. रविवारचं वेळापत्रक वेगळं बघून घ्या.

---

[तिसरं उत्तर: मुक्काम आणि आतली ठिकाणं]

मुक्कामासाठी हॉटेलांच्या आधी विद्यापीठाच्या कॉलेजांकडे विचारा. सुट्टीत विद्यार्थ्यांच्या खोल्या भाड्याने देतात. खुद्द किल्ल्यातही राहता येतं, कारण 1837 पासून तो युनिव्हर्सिटी कॉलेजचं वसतिगृह आहे, आणि न्याहारी तिथल्या मोठ्या दालनात मिळते. तीन गोष्टी मात्र लेखी विचारून घ्या: न्हाणीघर खोलीतच आहे की सामाईक, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का. किल्ल्यात जिने भरपूर आहेत. ज्येष्ठांसाठी नदीपलीकडच्या नव्या कॉलेजातली तळमजल्याची खोली जास्त सुखाची.

किल्ला आपला आपण हिंडून बघता येत नाही, मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. कुणाचं लग्न किंवा समारंभ असेल तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून आधी नोंदणी करून आदल्या दिवशी पुन्हा खात्री करा. सुरुवात 1072 ची. आत 1662 चा काळा जिना बघण्यासारखा आहे. तो भिंतीतूनच बाहेर काढलेला, खाली आधार नसलेला असा बांधला होता. पुढे कलला आणि त्याला खांब द्यावे लागले. आजही तिरका आहे. मुलांना असल्या गोष्टी बरोबर लक्षात राहतात.

कॅथीड्रलला अर्धा दिवस द्या. पाया 1093 मध्ये घातला. जाडजूड खांबांवर नागमोडी, शंकरपाळी आणि पिळाच्या नक्ष्या कोरल्या आहेत, आणि वरच्या दगडी छताला फासळ्यांसारख्या कमानी आहेत. छताचा भार त्या फासळ्यांवरून खांबांवर उतरतो. इतक्या मोठ्या इमारतीवर हा प्रयोग युरोपात जवळजवळ पहिल्यांदा इथे झाला. कथबर्ट या संताची समाधी पूर्वेच्या टोकाला आहे, बीड या इतिहासकाराची पश्चिमेच्या टोकाला (आपलं बीड नव्हे, माणसाचं नाव). मुलांना कामाला लावायचं तर काळे चकचकीत खांब दाखवा. फ्रॉस्टर्लीच्या दगडात प्रवाळांचे जीवाश्म आहेत, पांढऱ्या नळ्यांसारखे दिसतात. कुणाला जास्त सापडतात ते मोजू द्या. मागच्या बाजूला जमिनीवर याच दगडाची एक काळी पट्टी आहे. मठाच्या काळात बायकांना तिच्या पुढे जायची बंदी होती. सगळ्या ताया-काकूंनी ती मुद्दाम ओलांडावी.

कॅथीड्रलमध्ये जायला तिकीट नाही, पेटीत देणगी टाकतात. संग्रहालय आणि मनोरा यांना मात्र वेगळं तिकीट आहे. संग्रहालय चुकवू नका: भिक्षूंचं 14 व्या शतकातलं झोपण्याचं दालन, कथबर्टची लाकडी शवपेटी आणि गळ्यातला क्रॉस. मनोऱ्याला 325 पायऱ्या, गोल आणि अरुंद. निम्म्यावरून परत फिरायचं म्हटलं तर वर येणारे सगळे अडतात. गुडघेवाल्यांनी आणि उंचीची भीती असणाऱ्यांनी तिकीटच काढू नये. जोराच्या वाऱ्यात तो बंदच ठेवतात.

---

[चौथं उत्तर: क्रम]

वरचं सगळं बरोबर, फक्त क्रम उलटा लागता कामा नये. बहुतेकांचा बेत असा असतो: शनिवारी पोचल्यावर नदी, रविवारी सकाळी कॅथीड्रल. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असतात, त्या वेळात हिंडता येत नाही. मग दाराशी घुटमळत सकाळ जाते, आणि दुपारी परतीची गाडी.

म्हणून शनिवारी दुपारी किल्ला आणि कॅथीड्रल, तिथूनच संध्याकाळची गायन-प्रार्थना. ती कुणालाही बसून ऐकता येते, तिकीट नाही, धर्म विचारत नाहीत. शाळांच्या सुट्टीत तिथला नेहमीचा गायकवृंद नसतो, बहुधा पाहुणे गाणारे येतात. दहा मिनिटं आधी आत बसा; सुरू झाल्यावर मुलं चुळबूळ करणार असतील तर मागची जागा बरी.

रविवारी सकाळी नदी. एल्व्हेट पुलापासून खाली उतरून काठाने सुळक्याला वळसा घातला की प्रेबेंड्स पूल येतो, 1778 मध्ये पुरा झालेला. पुढे बंधारा आणि जुनी दगडी गिरणी, मग फ्रॅमवेलगेट पूल. बंधाऱ्यावर पाणी, त्यावर झाडी आणि झाडीवर कॅथीड्रल, हे नेहमीचं छायाचित्र पलीकडच्या काठावरून मिळतं. त्यासाठी प्रेबेंड्स पूल ओलांडून मग डाव्या काठाने यायचं. रमतगमत एक-सव्वा तास.

बिघडतं ते पावसाने. वाट मातीची आहे, झाडाखाली दिवसभर वाळत नाही, आणि वरच्या डोंगराळ भागात पाऊस झाला की नदी झपाट्याने चढते. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी पाणी आदल्या रात्रीचं असतं. सरकारच्या पूरसूचनेच्या पानावर वीअरची पातळी दिसते. त्यात 'संडरलँड ब्रिज' हे केंद्र पाहा. हे डरहमच्या दक्षिणेला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेलं खेडं आहे. समुद्राकाठचं संडरलँड शहर खालच्या टोकाला, त्याच्याशी गल्लत नको. वर पाणी चढत असेल तर खाली चढायचंच, आणि होड्याही बंद होतात.

होडी एल्व्हेट पुलाखाली मिळते, वल्ह्यांची, उन्हाळ्याच्या हंगामात, तासाच्या हिशेबाने. बंधारा प्रेबेंड्स पुलाच्या खालच्या बाजूला आहे, तेव्हा तिकडे ओढीने जाऊ नका. जिथवर परवानगी देतात तिथूनच वळा. जाताना प्रवाहाबरोबर हलकं वाटतं, परतताना तेवढ्याच अंतराला जास्त वेळ आणि दुप्पट हात लागतात. तासाची होडी घेतली असेल तर विसाव्या मिनिटाला वळा.

---

[सहल समिती]

जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार नक्की. एक प्रश्न राहिला: बाबागाडी आणि दुखरे गुडघे वर कसे न्यायचे?

---

[चौथं उत्तर देणाऱ्याकडून]

स्टेशन टेकडीवर आहे, गावात उतरताना दहा-पंधरा मिनिटं, येताना तोच चढ. सामान असताना स्टेशनवरून टॅक्सी घ्या आणि कॅथीड्रलसमोरच्या पॅलेस ग्रीनपर्यंत सोडायला सांगा. परतताना चढून जायचं असेल तर गाडीच्या अर्धा तास आधी निघा.

न्यू एल्व्हेटच्या बाजूने येत असाल तर किंग्जगेट पूल वापरा. पायी जायचा काँक्रीटचा पूल, 1963 चा, नदीपासून बराच उंच; त्याचे दोन भाग काठांना समांतर ओतून नंतर फिरवून मधे जोडले आहेत, सांधा दिसतो. सॅडलर स्ट्रीटचा लांब चढ त्याने वाचतो, फक्त शेवटी बो लेनचा छोटा गोट्यांचा चढ उरतो. लहान चाकांची घडीची बाबागाडी त्या गोट्यांत अडकते. मोठ्या चाकांची आणा, किंवा बाळाला झोळीत घ्या. नदीकाठी बाबागाडी नेऊच नका, मधे पायऱ्या आहेत. तो सव्वा तास ज्येष्ठ आणि बाळ पॅलेस ग्रीनच्या बाकांवर बसतील, तिथून सगळं समोर आहे.