उष्णतावहनाच्या सिम्युलेशनसाठी जीएसएल, आयगेन की आर्मडिलो?

प्रश्न
घन ठोकळ्यात उष्णता कशी पसरत जाते, याचं सिम्युलेशन सी++मध्ये लिहितेय. ग्रिड ६० × ६० × ६०, म्हणजे २,१६,००० अज्ञात तापमानं. पद्धत इम्प्लिसिट, त्यामुळे दर टाइम-स्टेपला अख्खी समीकरणं सोडवावी लागतात. इंटिग्रेशनसाठी जीएसएल ही गणिती लायब्ररी आधीच जोडलेली आहे. तीच वापरू, की आयगेन किंवा आर्मडिलो या सी++ लायब्ररींपैकी एक घेऊ? सगळ्यात वेगवान हवी.

उत्तर १
आर्मडिलो घ्या. कोड मॅटलॅबसारखा दिसतो, आणि खाली ओपनब्लास (मॅट्रिक्सची आकडेमोड वेगात करणारी लायब्ररी) जोडलं की मॅट्रिक्सचे गुणाकार झपाट्याने होतात.

उत्तर २
थांबा, आधी मॅट्रिक्स कशी आहे ते बघा. ग्रिडवरच्या बिंदूचा संबंध स्वतःशी आणि सहा शेजाऱ्यांशी, म्हणजे एका ओळीत फार तर ७ आकडे. बाकी सगळी शून्यं. ही डेन्स (शून्यांसकट सगळे आकडे) साठवली तर डबलमध्ये (दर आकड्याला ८ बाइट) साधारण ३७३ जीबी लागतील. स्पार्स (फक्त शून्य नसलेले आकडे) साठवली तर २० एमबीच्या आत भागतं. त्यामुळे डेन्स गुणाकार कोण किती वेगात करतं, याचा इथे काही उपयोग नाही.

स्पार्स तिन्हींत आहे. पण आर्मडिलो सुपरएलयू वापरते, आणि थ्रीडी ग्रिडवर एलयू (मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी अवयव पाडणं) करताना शून्यांच्या जागा भरत जाऊन मेमरी फुगते. जीएसएलमध्ये फक्त जीएमआरईएस (कोणत्याही मॅट्रिक्सला चालणारी, फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराजवळ जाणारी पद्धत) मिळतं, त्याला सममितीचा फायदा घेता येत नाही. तुमची मॅट्रिक्स तर सममित (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी) आणि धन-निश्चित (सगळी आयगेनमूल्यं धन) असणार. अशा मॅट्रिक्सला तिच्यासाठीच असलेली, फेऱ्यांनी सोडवणारी कॉन्ज्युगेट ग्रेडियंट पद्धतच हवी, आणि आयगेनमध्ये ती तयार आहे. नुसत्या हेडर फायली, वेगळं काही लिंक करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की करा. साध्या ‘सॉल्व्ह’ऐवजी ‘सॉल्व्ह विथ गेस’ वापरा आणि अंदाज म्हणून मागच्या स्टेपची तापमानं द्या. दोन स्टेपमध्ये तापमान थोडंच बदलतं, त्यामुळे फेऱ्या बऱ्याच वाचतात. मला हे फार आवडतं, कारण एका ओळीचा बदल आहे.

जीएसएल काढू नका, इंटिग्रेशनला ती उत्तमच आहे. फक्त तिचं लायसन्स जीपीएल आहे, म्हणजे ती जोडलेला प्रोग्राम वाटला तर त्याचा कोडही द्यावा लागतो. कोड न देता प्रोग्राम वाटायचा असेल तर आत्ताच विचार करा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार! ठोकळ्याच्या बाहेरच्या पृष्ठांवर तापमान ठरलेलं आहे. त्या बिंदूंच्या ओळीत कर्णावर १ आणि बाकी शून्य ठेवते. चालेल ना?

उत्तर २
एवढ्यावर नाही चालणार. ओळ पुसली, पण स्तंभ तसाच राहिला. आतल्या शेजाऱ्याच्या ओळीत त्या बिंदूचा सहगुणक अजून आहे, म्हणजे सममिती मोडली आणि कॉन्ज्युगेट ग्रेडियंटचा आधारच गेला. तो सहगुणक गुणिले ठरलेलं तापमान, हे त्या शेजाऱ्याच्या उजव्या बाजूतून वजा करा आणि स्तंभातही शून्य ठेवा. मग मॅट्रिक्स वजा तिची ट्रान्सपोज (ओळी-स्तंभ अदलाबदल केलेली), याचा नॉर्म (एकूण आकार) काढून पाहा. शून्याच्या जवळ आला की सॉल्व्हर लावा.