मास्टर बदलला तं स्लेवही बदला

भाऊ, तुमी लिहलं का मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, क्लचचं तेल दाबणारा) नवा टाकला तरी क्लच पेडल खालीच बसून राह्यते आन रिव्हर्स टाकतानी खरखर होते, तं आता गिअरबॉक्सजवळच्या स्लेवचं (त्या तेलाच्या दाबानं क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) रबरी बूट सरकवून पाहा, आत ओलं दिसलं म्हणजे सील गेलं समजा. माह्या पिकअपचं मागच्या कापसाच्या सीझनमंदी असंच झालं, वरचा मास्टर बदलला आन पंधरा दिवसात, जिनिंगच्या लाईनीत भरल्या गाडीनं उभा असतानी, खालचा गळाला, काय शोभा झाली बावा! म्हून मी तं म्हणतो दोन्ही सोबतच बदला, होजपाईप फुगत असंल तं तोही.

क्लचचं तेल म्हंजे ब्रेक ऑइलच, त्याचा प्रकार डॉट-३ का डॉट-४ ते वरच्या तेलाच्या टाकीच्या झाकणावर लिहलं असते, तेच टाका आन सीलबंद डब्यातलंच, उघडा डबा हवेतली ओल ओढते. इंजिन ऑइल बिलकुल नाई, रबर फुगून सगळंच जाते.

मंग पाईपात शिरलेली हवा काढतानी एकाले पेडलवर बसवा, त्यानं दाबून धरलं का स्लेववरचा हवा काढायचा निपल ढिला करा, बुडबुडे निघाले का टाईट, मंगच पेडल सोडायले सांगा, आधी सोडलं तं हवा परत आत. आन वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाईतं पुन्हा पहिल्यापासून.