तपासणी न झालेली स्कॅन पुस्तकं ग्रंथालयातून काढून टाकावीत का?

पांढरी_काठी
मी पूर्ण अंध आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) लावून वाचतो. ज्या ऑनलाइन सुगम (अंधांना वाचता येतील अशा पुस्तकांच्या) ग्रंथालयाचा सभासद आहे त्याचं नाव घेत नाही. परवा तिथून एक कादंबरी उतरवून घेतली. पहिलंच वाक्य: 'माऊ रवाली बसला.' म्हटलं मांजराची गोष्ट असेल. तिसऱ्या पानावर माऊने वकिली सुरू केली तेव्हा उमगलं की भाऊ खाली बसला होता. ओसीआरने, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या प्रणालीने, 'भ'चा 'म' केला, 'ख'चा 'रव' केला आणि कुणी बघितलंही नाही. त्यात प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक वाक्याच्या मध्येच घुसतात. डोळस माणसाची नजर ते सोडून पुढे जाते, कानाला ती सोय नाही.

माझं मत: मुद्रितशोधन झालं नसेल तर ती फाइल यादीतून काढा. दोन हजार कच्च्या फायलींपेक्षा दोनशे धड पुस्तकं द्या.

तिसरा_प्रयत्न
साफ असहमत. मला थोडं दिसतं, पण छापील पुस्तक वाचण्याइतकं नाही. स्पर्धा परीक्षा देतेय. तपासून होईपर्यंत पुस्तक अडवून ठेवलं तर ते मला मिळेल परीक्षा झाल्यावर. 'रवाली'चं 'खाली' मी मनातल्या मनात करून घेते. पुस्तकच नसेल तर काय करू?

पांढरी_काठी
शब्दांचं ठीक आहे, आकड्यांचं काय करता? ओसीआर देवनागरी एकाला बऱ्याचदा इंग्रजी नऊ समजतं. माझ्या यंत्राने गंभीर आवाजात 'नऊ हजार आठशे सत्तावन्नचा उठाव' वाचून दाखवलाय. ते साल आपल्याला पाठ आहे म्हणून हसू येतं. जे पाठ नाही ते तुम्ही तसंच पेपरात लिहून याल.

तिसरा_प्रयत्न
सालं मी दुसरीकडे ताडून बघते. त्रास आहेच, नाही कुठे म्हणतेय?

निवृत्त_मास्तरीण
मी याच कामात स्वयंसेवक आहे, म्हणून थोडं सविस्तर. अडीचशे पानांचं पुस्तक मूळ प्रत शेजारी ठेवून तपासायला मला दीड महिना लागतो. नातवंडं आली की दोन. 'काढा' म्हणणं सोपं आहे हो.

लोक विचारतात, प्रकाशकाकडून टाइप केलेली फाइल का घेत नाही? कधीकधी मिळते. पण जुनी असेल तर ती श्रीलिपी किंवा आकृती अशा जुन्या फाँटमध्ये असते, युनिकोड या आताच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात नाही. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं आणि स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरं बडबडतो. रूपांतर केलं तर जोडाक्षरं आणि रफार मोडतात, म्हणजे पुन्हा तपासणी आलीच.

आणि एक तक्रार माझीही. वाचकांचा निरोप येतो तो 'फाइल खराब आहे' एवढाच. कुठल्या पानावर, काय? तेवढं सांगा की.

कार्डाचा_खण
ग्रंथालयशास्त्रवाला आहे. मला वाटतं तुम्ही भांडताय ते दुय्यम गोष्टीवरून. कितीतरी पुस्तकं आहेत, पण सापडत नाहीत. 'कुसुमाग्रज' टाकलं तर कविता येतात; नाटकं 'वि. वा. शिरवाडकर' या नावाखाली पडलेली. माणूस एकच आहे हे सूचीला कुणी सांगितलेलंच नाही. 'गोविंदाग्रज' आणि 'राम गणेश गडकरी' यांचंही तेच. आद्याक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली की एक निकाल, नाही सोडली की दुसरा. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला, ऐकायला सारखाच, पण शोधात जुळत नाही. 'ॲ'ची तीच गत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत 'केलें', 'घरें' असे अनुस्वार. तुम्ही 'केले' शोधता आणि हाती शून्य.

मग कुणीतरी 'पुस्तक नाही' समजून तेच पुन्हा स्कॅन करतं. वेगवेगळ्या संस्थांची पुस्तकं एकत्र शोधता यावीत म्हणून २०१६मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय उभं राहिलं. पण नोंदीच वाकड्यातिकड्या केल्या तर एकत्र आणूनही दुबार प्रती कशा ओळखणार? म्हणून काहीही काढू नका, आधी नोंदी सुधारा.

पांढरी_काठी
नोंद सुधारली म्हणजे 'माऊ रवाली' लवकर सापडेल, एवढंच ना?

२०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये आपल्यासाठी सुगम प्रत करायची मुभा आली, प्रकाशकाच्या दारात उभं राहावं लागत नाही. अंधांसाठी सुगम प्रती करू देणाऱ्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४मध्ये सगळ्यांत आधी मान्यता दिली ती भारताने. ही मुभा 'सुगम' प्रतीसाठी आहे. वाचताच येत नाही ती फाइल सुगम कशी?

तिसरा_प्रयत्न
मुभा कशासाठी मिळाली? आपल्याला ताटकळावं लागू नये म्हणून. तुम्ही प्रकाशकाच्या दारातून उठवून मुद्रितशोधकाच्या दारात बसवताय.

निवृत्त_मास्तरीण
बसा, चहा देते. पण खरंच, यादीत नावापुढे 'न तपासलेलं' असं लिहिलं तर? उतरवायच्या आधीच कळेल.

कार्डाचा_खण
+१. आणि तपासलेली प्रत आली की कच्ची मागे ठेवायची. सध्या शोधात कोणती आधी येईल याचा नेम नाही.

पांढरी_काठी
लेबलाला हरकत नाही. पण अभ्यासाच्या पुस्तकांत आकडे तपासल्याशिवाय फाइल चढवू नये, यावर मी ठाम आहे.

मास्तरीणबाई, पान हवं होतं ना? घ्या. पान १ ते ९, सगळीकडे 'माऊ'च्या जागी 'भाऊ' हवं. पान ४२ उलटं स्कॅन झालं असावं, स्क्रीन रीडर नुसती चिन्हं वाचतो. पान ६० नाहीच.

तिसरा_प्रयत्न
काकू, माऊ थांबेल. आधी माझं अर्थशास्त्र घ्या ना, प्रकरण ५मधले तक्ते.