वस्तीतील आरोग्यसेविकांना नेतृत्वपदावर आणण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. गोवंडी-मानखुर्द भागात क्षयरोगावर काम करणाऱ्या एका संस्थेचे मनुष्यबळ मी सांभाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरातील आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया असूनही वरिष्ठ पदांवर त्या केवळ २५ टक्के आहेत. आमच्याकडेही घरोघरी फिरतात त्या प्रामुख्याने दलित व मुस्लिम स्त्रिया, निर्णय मात्र इतरच घेतात. रुग्ण औषधे मध्येच का सोडतो हे ज्यांना नेमके ठाऊक असते, त्यांनाच नियोजनाच्या बैठकीत स्थान नसावे, हे मला अत्यंत गैर वाटते. पर्यवेक्षकपदासाठी पदवीची अट शिथिल करून अनुभवाला गुण देण्याचा विचार आहे. अशी पद्धत कोणी राबवली असल्यास निकष कसे ठरवले आणि डॉक्टर मंडळींचा विश्वास कसा मिळवला, हे कृपया सविस्तर सांगावे.